जांभा, चुना आणि निर्धोक पाणी

(चंदगड येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



चंदगडकरांना जांभ्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. आपल्या घरांच्या भिंती त्याच दगडाच्या आहेत. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे त्यात विपुल असतात. पाण्यात विरघळलेले आर्सेनिक या ऑक्साइडांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, आणि म्हणूनच हा स्वस्त दगड जलशुद्धीकरणाच्या कामी येतो.

पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे होणारे विकार १९८३ मध्ये उजेडात आले. पुढे खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने जांभ्यावर आम्ल व अल्कली यांची प्रक्रिया करून त्याची शोषणक्षमता वाढविली आणि त्याची गाळणयंत्रे बनविली. चंदगडच्या पाण्यात आर्सेनिक आहे, असा याचा अर्थ नव्हे. तसेच, माठात जांभ्याचे खडे टाकले की पाणी शुद्ध झाले, असाही नव्हे.

प्रत्येक धातूचा उपाय निराळा असतो. विरघळलेल्या लोहासाठी पाणी हवेत खेळवावे; लोहाचा तांबूस साका बनतो व तो वाळूच्या थरात अडतो. कारखान्याच्या आम्लयुक्त सांडपाण्यात योग्य प्रमाणात चुना मिसळला की तांबे, जस्त, निकेल तळाशी बसतात. मात्र मुलामा देण्याच्या कामातील षट्संयुजी क्रोमियमवर निव्वळ चुना चालत नाही. आधी त्याचे त्रिसंयुजी रूपात क्षपण करावे लागते.

तेव्हा पंचायतीने पैसा खर्च करण्यापूर्वी पाण्यात नेमके काय आहे, हे जाणून घेतले पाहिजे. लोह रंगाने व चवीने स्वतःला प्रकट करते. आर्सेनिकला रंगही नाही, चवही नाही. भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला अवघी ०.०१ मिलिग्रॅम आहे. लोहाची तपासणी गावातील तपासणी संचाने होऊ शकते. आर्सेनिक किंवा शिशाची शंका असल्यास नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा. गाळणयंत्र बसविल्यावरही ठराविक काळाने तपासणी करावी, कारण खनिजाची धारणशक्ती संपते आणि दूषित पाणी तसेच बाहेर पडू लागते.

शेवटची गोष्ट साक्याची. पाण्यातून काढलेला धातू नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. असा विषारी साका ओढ्यात टाकला, तर तो ताम्रपर्णीत व तेथून घटप्रभेत जाईल. त्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांप्रमाणेच व्हावयास हवी.

साहित्य स्वस्त आहे, आपल्या पायाखालीच आहे. त्याला तपासणीची व दक्षतेची जोड देणे आपल्या हाती आहे.