संगणकजाळ्यांची परीक्षा आणि आपली तरुण मंडळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी साहित्य, संगीत किंवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय निवडावा, अशी आपल्या मंडळाची परंपरा आहे. आम्ही मात्र आज एका परीक्षेविषयी बोलण्यास उभे आहोत. याचे कारण असे की, गणेशोत्सवाच्या मांडवात काय किंवा कोजागिरीच्या दुधाच्या वेळी काय, गेली काही वर्षे एकच प्रश्न आमच्या कानी पडत आहे : "मुलगा पदवीधर झाला. आता संगणकजाळ्याची ती सी.सी.एन.ए. परीक्षा देतो म्हणतो. पैसे घालावेत की नाही?"

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना तो तसा नाही. मुलांच्या शाळा तीन राज्यांत झालेल्या, गावाकडे ओळखीपाळखी उरलेल्या नाहीत आणि इथे त्या पुरेशा जुळलेल्या नाहीत. वडील निवृत्त झाले की सरकारी निवासस्थान सोडावे लागते. अशा घरातील मुलासाठी शब्द टाकणारे कोणी नसते. त्याच्या हातचे काम हीच त्याची शिफारस. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर नीट विचार करून दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आयुष्य केंद्र सरकारच्या सेवेत फायलींवर टिपणे लिहिण्यात गेले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी कार्यालयातील संगणकजाळ्याची देखरेख आमच्याकडे आली आणि विषय समजून घेतल्यावाचून सही करणे मनाला पटेना. म्हणून मंडळातील चार तरुणांबरोबर आम्हीही अभ्यासाला बसलो. दर रविवारी सकाळी मंडळाच्या ग्रंथालयात ही बैठक आठ महिने चालली. पुढे जे सांगणार आहोत, ते या बैठकीतून आलेले आहे.

प्रथम परीक्षेची ओळख करून घेऊ. सिस्को ही १९८४ साली अमेरिकेत स्थापन झालेली, संगणकांना एकमेकांशी जोडणारी यंत्रे बनविणारी कंपनी. तिने १९९८ साली ही परीक्षा सुरू केली. हिला बसण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. किंबहुना कोणतीच पदवी लागत नाही. फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या २००-३०१ या क्रमांकाच्या परीक्षेचे सहा भाग आहेत. जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, स्विच व बिनतारी जोडणी २० टक्के, पत्ते व मार्गनिश्चिती २५ टक्के, जाळ्यावरील सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के. वेळ १२० मिनिटांचा. शुल्क ३०० अमेरिकन डॉलर, कर वेगळा. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, नंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. परीक्षा मराठीत किंवा हिंदीत होत नाही. उत्तीर्ण होण्यास किती गुण लागतात, हे कंपनी जाहीर करीत नाही. एकदा पुढच्या प्रश्नाकडे गेले की मागच्या प्रश्नाकडे परत येता येत नाही.

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. हा विषय फार गहन असल्याची समजूत आहे. तथापि त्याचे मर्म आपल्या पोस्टमनला ठाऊक आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे पंडित व कवी होते. एका मराठी माणसाने, तोही काव्यशास्त्रात रमणारा, साऱ्या देशाचे पत्ते सहा आकड्यांत बसविले, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटावा.

या सहा आकड्यांची रचना पाहा. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांसाठी ४. ईशान्य भारतासाठी ७. पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे वाटप करणारे टपालघर दाखवितात. गुवाहाटीत टाकलेले पत्र पुण्याला जायचे असेल, तर तिथल्या छाटणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला सदाशिव पेठ कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने ४११ हे तीन आकडे पाहिले की पुरे. पेठेचा विचार पुण्यातले टपालघर करील.

संगणकाच्या जाळ्यात राउटर नावाचे यंत्र हेच करते. प्रत्येक संगणकाला आय.पी. पत्ता असतो. प्रचलित चौथ्या आवृत्तीत तो ३२ द्विमान अंकांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ घरांचा असतो. त्यातील डावीकडचा भाग जाळ्याचा आणि उजवीकडचा त्या जाळ्यातील संगणकाचा. राउटर डावा भाग पाहून निरोप पुढे ढकलतो. एकाच ठिकाणी जाण्याच्या दोन नोंदी त्याच्या यादीत असल्या, तर ज्या नोंदीतील डावा भाग अधिक लांब जुळतो, ती तो पाळतो. 'पुण्याची पत्रे या थैलीत' आणि 'पुण्यातील अमुक टपालघराची पत्रे त्या थैलीत' अशा दोन सूचना असल्यास शहाणा कर्मचारी दुसरीच पाळील, नाही का? परीक्षेतील सर्वांत मोठ्या, २५ टक्क्यांच्या भागाचा पाया एवढाच आहे.

मात्र पिनकोडात आणि या पत्त्यात एक भेद आहे. पिनकोडाची फाळणी ठरलेली असते. इथे ती आपल्याला करावी लागते. एक उदाहरण घेऊ. एका कार्यालयाला १९२.१६८.१०.० पासून १९२.१६८.१०.२५५ पर्यंत २५६ पत्ते मिळाले आहेत. लेखा विभागात १०० संगणक, आस्थापना विभागात ५० आणि आवक-जावक विभागात २० आहेत. तिघांना स्वतंत्र जाळी द्यायची आहेत. वाटणी नेहमी २ च्या घातांत, म्हणजे १२८, ६४, ३२ अशीच होते, म्हणून मोठ्या गरजेपासून आरंभ करावा. लेखा विभागाला ० ते १२७, आस्थापनेला १२८ ते १९१, आवक-जावकला १९२ ते २२३. शेवटचे ३२ पत्ते पुढच्या गरजेसाठी शिल्लक राहिले. प्रत्येक वाटणीतील पहिला पत्ता त्या जाळ्याचे नाव म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकदम दवंडी पिटण्यासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणून संगणकांना प्रत्यक्षात १२६, ६२ आणि ३० पत्तेच मिळतात. घरातल्या तांदळाची वाटणी करणाऱ्या गृहिणीला हा हिशेब समजण्यास अडचण पडू नये. आमच्या बैठकीतील एका मुलाला तो त्याच्या आईला समजावून सांगताना प्रथम नीट समजला, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

दवंडीवरून दुसरी गोष्ट आठवली. एक केबल तुटली तरी काम थांबू नये म्हणून दोन स्विचांमध्ये दोन केबली जोडतात. पण मग एकाने पिटलेली दवंडी दुसऱ्या वाटेने त्याच्याकडेच परत येते, तो ती पुन्हा पिटतो, आणि काही क्षणांत साऱ्या जाळ्यात दवंडीखेरीज काहीच उरत नाही. यावर रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली उपाय शोधला. सर्व स्विचांनी आपसांत एक मुख्य निवडावा, त्याच्याकडे जाणारी एकेकच वाट उघडी ठेवावी, उरलेल्या वाटा बंद ठेवाव्यात, आणि उघडी वाट तुटली तरच बंद वाट उघडावी. एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषाची कल्पना केली की हे ध्यानात राहते.

आता अभ्यासाच्या पद्धतीविषयी. आमच्या अनुभवाचे सार चार गोष्टींत सांगता येईल.

पहिली, संकल्पना मातृभाषेत समजून घ्यावी, संज्ञा मात्र इंग्रजीत जशाच्या तशा पाठ कराव्यात. प्रश्न इंग्रजीत येतो. पण ज्याला आतून मराठीत कळले आहे, तो इंग्रजी वाक्याच्या वळणाने गांगरत नाही.

दुसरी, हाताने केल्यावाचून हा विषय येत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी कृष्णा पार केलेली नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर नावाचे साधन विनामूल्य मिळते. त्यात पडद्यावरच राउटर व स्विच मांडून जाळे उभारता येते, मोडता येते आणि दुरुस्त करता येते. आम्ही दर रविवारी एकाला जाळे बिघडवायला आणि दुसऱ्याला दोष शोधायला सांगत असू. याइतका उपयोगी अभ्यास दुसरा नाही.

तिसरी, पत्त्यांच्या वाटणीचा हिशेब रोज करावा. परीक्षेत गणकयंत्र नेता येत नाही. स्नानानंतर अथर्वशीर्ष म्हणावे, तसे रोज सकाळी दहा हिशेब. आरंभी एकास पाच मिनिटे लागत. दोन महिन्यांनी अर्ध्या मिनिटात होऊ लागले.

चौथी, एका प्रश्नावर अडून बसू नये. मागे फिरता येत नसल्याने प्रत्येक प्रश्नाचा त्या क्षणी निकाल लावून पुढे जाण्याची सवय घड्याळ लावून करावी. नोकरदार किंवा महाविद्यालयीन विद्यार्थ्याने रोज दीड तास याप्रमाणे सहा ते आठ महिने धरावेत. दोन आठवड्यांत तयारी करून देण्याच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

जाहिरातींचा उल्लेख आला, म्हणून एका अप्रिय गोष्टीविषयी बोलणे भाग आहे. परीक्षेतील प्रश्न बाहेर आणून ते उत्तरांसह विकण्याचा धंदा जगभर चालतो. आमच्या बैठकीतील चौघांपैकी एकाला एका शिकवणीवर्गाने अशी प्रश्नावली देऊ केली आणि 'उत्तीर्ण होण्याची हमी' दिली. त्याच्या वडिलांची निवृत्ती जवळ आली होती, मुलाला घाई होती; त्याने ती घेतली आणि बैठकीला येणे सोडले. तो उत्तीर्णही झाला. पुढे एका मुलाखतीत त्याच्यासमोर दोन राउटर ठेवून 'पलीकडचा संगणक उत्तर का देत नाही, ते शोधा' असे सांगण्यात आले. अर्धा तास तो यंत्राकडे पाहत राहिला. त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. घरची निकड माणसाला काय करावयास लावील, हे आपण सारे जाणतो. त्याच्याच सांगण्यावरून आणि संमतीने ही हकिगत आम्ही इथे सांगत आहोत. तो पुन्हा रविवारी येऊ लागला आहे, ही समाधानाची बाब.

दुसरा एक जण प्रामाणिकपणे अभ्यास करूनही पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाला. दुसऱ्या खेपेस पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. तो भार त्याच्या घराला जड होता. त्याने तीन महिने शिकवण्या करून ते पैसे उभे केले आणि यश मिळविले. आज तो एका कंपनीच्या जाळ्याच्या देखरेख कक्षात रात्रपाळी करतो. परीक्षार्थीला गोपनीयतेचे आणि सचोटीचे नियम मान्य करावे लागतात, आणि ते मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावे.

तेव्हा पैसे घालावेत की नाही? आमचे उत्तर असे : मुलाने प्रथम तीन महिने विनामूल्य साधनांवर अभ्यास करून दाखवावा. रोजचे दहा हिशेब आणि आठवड्याला एक जाळे, एवढे त्याने न सांगता केले, तर शुल्क निःशंकपणे भरावे. केले नाही, तर ते पैसे मुदतठेवीत असू द्यावेत. प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे, ते दारावरची थाप आहे. दार उघडल्यावर आत जे विचारतील, त्याचे उत्तर आपल्याजवळ असले पाहिजे. आरंभीचा पगार बेताचा आणि पाळ्या अवघड असतात, हेही मुलीमुलांना आधीच सांगावे. मुलींचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. चौघांत सर्वाधिक वेगाने हिशेब करणारी एक मुलगीच होती आणि ती पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाली.

जाता जाता मंडळाच्या कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या ग्रंथालयात कादंबऱ्यांची तीन कपाटे आहेत. त्यांतील एकही कमी करू नये. फक्त खिडकीजवळच्या टेबलावर एक संगणक आणि एखाद्या कार्यालयाने निकालात काढलेले दोन जुने स्विच ठेवावेत. रविवारी सकाळी किल्ली उघडण्याची जबाबदारी आमची. वर्गणी नको, वयाची अट नको; आमच्या वयाचे कोणी आले तर अधिक आनंद.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले, त्यांनी परमुलखात आलेल्या मराठी माणसाला पहिल्या रात्री निवारा आणि वरणभात मिळावा, हा हेतू धरला होता. आज निवारा अन्यत्रही मिळतो. पण परक्या गावात वाढणाऱ्या मुलाला 'बैस, आपण मिळून समजून घेऊ' असे म्हणणारे कोणी हवे असते. ते काम मंडळाने पुढच्या पन्नास वर्षांत करावे, अशी आमची प्रार्थना आहे.