जखऱ्या म्यूटवर होता

इअरफोन लावलेत ना? ट्रेनमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा विषयच गप्प राहण्याचा आहे.

आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. रीथवरची दुसरी जांभळी मेणबत्ती पेटली. आमच्या वसईत एव्हाना गल्लीत तारे लागतात, पोरं गोठ्यासाठी गवत शोधत फिरतात. मीही त्यातलाच. पण देवळात बघा, वेदीवर जांभळा रंग असतो. हाच रंग उपवासकाळातही असतो, म्हणजे पश्चात्तापाचा. आपण लायटिंगच्या नादात ते विसरतो.

सकाळी मिस्सामध्ये योहान बाप्तिस्ताबद्दल ऐकलं. प्रभूची वाट तयार करा म्हणणारा. मला मात्र त्याचा बाप आठवत राहिला, जखऱ्या. लूकच्या पहिल्याच अध्यायात आहे, वाचा नक्की. म्हातारा याजक, मूलबाळ नाही. मंदिरात धूप जाळायला आत जातो, तिथे गब्रिएल दूत सांगतो, तुझी प्रार्थना ऐकली गेली, मुलगा होईल. आणि हा विचारतो, हे खरं कशावरून? आयुष्यभर मागितलेलं मिळतंय, तर म्हणे पुरावा द्या! तिथेच त्याची वाचा जाते. बाहेर लोक खोळंबलेत आणि हा नुसत्या खुणा करतोय. अलीशिबाचे दिवस भरून, बाळ जन्मून, आठव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत हा माणूस म्यूट.

मी याला फक्त शिक्षा समजायचो. आता वाटतं, त्याची तयारीच ती होती. इतके महिने उत्तर देता येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? ऐकणार. स्वतःचे जुने शब्दसुद्धा.

माझे जुने शब्द सांगतो. दोन वर्षांपूर्वी आजी गेली. माझा चुलतभाऊ दुबईला असतो. तो पोहोचला तेव्हा माती देऊन झाली होती. दारातच मी त्याला म्हणालो, "दादा, आता कशाला आलास? फोटो काढायला?" सगळ्यांसमोर. तो काहीच बोलला नाही. बॅगसुद्धा आत ठेवली नाही त्याने. नंतर त्याचे दोन-तीन मेसेज आले, मी चॅट म्यूट केली. त्याला रजा कधी मिळाली, तिकीट कसं मिळालं, मी आजवर विचारलेलं नाही.

कन्फेशनमध्ये हे सांगून झालंय, गेल्या वर्षीच. फादरांना सांगणं सोपं गेलं. दादाला सांगायचं राहिलं. मधल्या काळात मी गोठ्याच्या स्पर्धेत भाग घेतला, कॅरल्सच्या प्रॅक्टिसला एकदाही उशीर केला नाही, सगळं केलं.

जखऱ्याची वाचा परत आली तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडून देवाची स्तुती निघाली. कशावरून, हा प्रश्न नाही. ज्या तोंडाने शंका घेतली, त्याच तोंडाने.

म्हणून काल रात्री चॅट उघडली. त्याचा शेवटचा मेसेज होता, "आजीचा एखादा फोटो असेल तर पाठव." खरंच फोटोच मागत होता तो. मी पाठवला. आजी वाडीत केळीजवळ उभी आहे तो. खाली लिहिलं, "दादा, त्या दिवशी मी चुकलो. माफ कर."

आता रेकॉर्डिंग करतोय तोवर दोन टिक आल्यात, करड्या. निळ्या झालेल्या नाहीत. दुबईत आता साडेसात वाजले असतील, ड्युटीवरून येत असेल. पुढच्या रविवारी गुलाबी मेणबत्ती, तेव्हा भेटू.