कर्जाच्या वाटेने आलेले साम्राज्य

मेक्सिको 1821 साली स्पेनच्या जोखडातून मुक्त झाला. पण तिजोरी रिकामी होती. 1848 पर्यंत अमेरिकेने युद्ध करून त्याचा जवळजवळ अर्धा मुलूख घेतला. 1861 मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआरेस यांनी परकीय कर्जाची फेड दोन वर्षे तहकूब करताच ब्रिटन, स्पेन व फ्रान्स यांनी वसुलीसाठी सैन्य धाडले. पहिले दोघे परतले. फ्रान्सने मात्र 1864 साली मॅक्सिमिलियनला सम्राटपदी बसविले. 1867 मध्ये प्रजासत्ताकाने त्याला गोळ्या घालून देहदंड दिला. पुढे सापडलेले तेलही परकीय कंपन्यांच्या हाती गेले. 1938 साली कार्देनास यांनी त्याचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा भरपाईसाठी गोरगरीब स्त्रियांनी कोंबड्याही आणून दिल्या. आर्थिक स्वावलंबनावाचून राजकीय स्वातंत्र्य अपुरेच राहते, हे त्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नव्हते.