पुस्तक आणि वाचक यांच्यामधली माणसे



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. मी निवडलेला विषय ऐकून त्यांच्यापैकी एकाने विचारले, "विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणारी माणसे? त्यांच्याविषयी बोलण्यासारखे काय आहे?" प्रश्न प्रामाणिक होता आणि तो आपल्यापैकीही काहींच्या मनात असेल. तेव्हा त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करतो.

मुंबईचा राजाबाई मनोरा मान वर करून पाहिला नाही, असा मनुष्य या सभेत क्वचितच असेल. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, पुढे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत तयार केला. २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ साली पुरा झाला आणि १८८० साली ग्रंथालय उघडले. पण ते खऱ्या अर्थाने ग्रंथालय झाले केव्हा? माझे म्हणणे असे की, कोणा एका विद्यार्थ्याने पुस्तक मागितले आणि कोणीतरी उठून नेमके तेच त्याच्या हातात आणून दिले, तेव्हा झाले. त्याच्या आधी तेथे होती ती एक देखणी इमारत आणि पुस्तकांची वखार. मनोऱ्याला दात्याच्या आईचे नाव मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु उठून पुस्तक आणून देणाऱ्याचे नाव कोठल्याच कोनशिलेवर चढत नाही.

'नेमके' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तक विकत आणले की दाखलवहीत त्याची नोंद होते, त्यावर शिक्का बसतो, दाखल क्रमांक पडतो. येथवर सोपे आहे. खरी कसोटी पुढे लागते. ज्ञानेश्वरीची नोंद कशी करायची? ग्रंथाचे दुसरे नाव भावार्थदीपिका. कर्त्याला कोणी ज्ञानेश्वर म्हणतो, कोणी ज्ञानदेव. कविता लिहिणारे गोविंदाग्रज आणि विनोदी लेख लिहिणारे बाळकराम हे दोघेही राम गणेश गडकरीच, ही खूण तालिकेत कोणी घातली? गीतारहस्य कोठे ठेवायचे? धर्माच्या कपाटात, तत्त्वज्ञानाच्या, की ते मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले म्हणून टिळकांच्या चरित्राशेजारी? प्रत एक असली की जागाही एकच देता येते. तेव्हा तालिका करणाऱ्याला पुस्तक चाळावे लागते, त्याचा विषय समजून घ्यावा लागतो आणि जो वाचक अजून दारातही आलेला नाही, तो उद्या काय विचारील हे आज ताडावे लागते. हे काम कारकुनीचे नव्हे, विद्वत्तेचे आहे. फरक इतकाच की, या विद्वत्तेवर कर्त्याचे नाव छापलेले नसते.

तालिका झाली तरी पुस्तक फळीवर चालत जात नाही. ते नेऊन ठेवणारा परिचर घाईत दोन फळ्या चुकला तर काय होते? चोरीला गेलेल्या पुस्तकाची निदान दुसरी प्रत घेता येते. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक मात्र 'आहे' असे तालिका सांगत राहते आणि कोणाच्याही हाताला लागत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेतील एक गोष्ट सांगतो. ग्रंथालयाचे नाव सांगत नाही, कारण गोष्टीत थोडी तक्रार आहे. एका जुन्या मासिकाचा बांधीव खंड मला हवा होता. तालिकेत तो होता, फळीवर नव्हता. देवघेवीच्या खिडकीवर उत्तर मिळाले, "सापडत नाही." मी परत फिरलो, तोच शिडीवरून धूळ झटकणाऱ्या वृद्ध परिचराने हाक मारली. सगळे त्यांना मामा म्हणत. "कुठल्या सालचा म्हणालात? उद्या दुपारी या." दुसऱ्या दिवशी खंड मेजावर होता. बांधणी करताना पाठीवर साल चुकीचे उमटले होते आणि त्या चुकीच्या सालाप्रमाणे खंड दुसऱ्याच ओळीत जाऊन बसला होता. मामांनी धूळ पुसताना तो कधीतरी उघडून पाहिला होता आणि ध्यानात ठेवला होता. मी विचारले, "मग वर सांगितलं का नाही?" मामा म्हणाले, "सांगितलं होतं दोनदा. पण शिपायाचं कोण ऐकून घेतो?"

पुढे काही वर्षांनी मी प्राध्यापक झालो आणि त्याच ग्रंथालयात तोच खंड मागितला. मामा निवृत्त झाले होते. त्यांची जागा भरलेली नव्हती. खंड अर्थातच सापडेना. मी परवानगी घेऊन आत गेलो आणि मामांनी दाखविलेल्या जागेवरून तो काढून आणला. तेव्हा मला चमकून कळले की, त्या ग्रंथालयाच्या मालकीच्या वस्तूचा ठावठिकाणा आता फक्त एका बाहेरच्या माणसाला ठाऊक होता. मी चूक दाखविताच पाठीवरचे साल बदलण्यात आले. माझे ऐकले गेले, मामांचे ऐकले गेले नव्हते. माहिती मात्र त्यांचीच होती. त्या दिवसाचा संकोच अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

या कामाचे मोल शिकलेल्यांनाही एकदम कळत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. या शास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. थोड्याच दिवसांत ते कंटाळले आणि 'मला परत घ्या' म्हणून कॉलेजाच्या प्राचार्यांकडे गेले. आधी विलायतेला जाऊन या, मग पाहू, अशी त्यांची समजूत घालण्यात आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते शिकले, तिकडची अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. लोखंडी पट्ट्या हव्या तशा जोडण्याचा मेकॅनो नावाचा खेळ तेथल्या एका दुकानात पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी युक्ती सुचली. १९२५ साली परतले ते पुन्हा गणिताच्या वर्गाकडे वळले नाहीत. १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आणि १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. पाच नियमांचे सार असे: पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय हे सजीवाप्रमाणे वाढत राहते. या पाचांपैकी एक तरी नियम भिंतींना किंवा कपाटांना पाळता येईल काय? प्रत्येक नियम पाळायला माणूस लागतो.

आता कोणी म्हणेल, संगणक आला आहे, 'शोधगंगे'वर देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध घरबसल्या वाचता येतात. मग इतकी माणसे हवीत कशाला? संगणकाचे स्वागत मीही करतो. पण पुस्तक कोठे असायला हवे, एवढेच संगणक सांगतो. ते तेथे आहे की नाही, हे फळीपाशी जाणाराच सांगू शकतो. कार्डावरची नोंद संगणकात चढविताना मामांसारख्या माणसाला कोणी विचारले नाही, तर चुकलेले साल तसेच संगणकातही चढते. आणि ते पडद्यावर दिसते म्हणून त्यावर लोकांचा विश्वास अधिक बसतो!

तेव्हा माझे मागणे दोन गोष्टींचे आहे. ग्रंथालयाला देणगी देताना, ठराव करताना किंवा वर्तमानपत्रात पत्र लिहिताना इमारतीबरोबर माणसांचाही विचार करा. रिकामी जागा वर्षानुवर्षे रिकामी राहिली म्हणजे पैसे वाचले असे नव्हे. एका माणसाच्या ध्यानात असलेले सगळे ग्रंथालय गेले, असा त्याचा अर्थ आहे. निवृत्त होणाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला चार महिने बरोबर घेऊन फळ्या दाखवाव्यात, एवढी सोय तरी झालीच पाहिजे. दुसरी गोष्ट बिनखर्चाची आहे. पुढच्या वेळी जो कोणी तुम्हांला पुस्तक आणून देईल, त्याला नाव विचारा. आणि तो काही चूक दाखवू लागला, तर ऐकून घ्या.

मामांचे त्या वेळी कोणी ऐकून घेतले नाही. आज आपण सर्वांनी ते शांतपणे ऐकलेत.