तिथी गुणिले पाऊण

आज एका दिवसाचं नियोजन. गेटवेवरून सकाळची बोट, तासाभरात मांडवा, तिकिटातच असलेल्या बसने अलिबाग, आणि संध्याकाळी परत. मधले सात-आठ तास पूर्ण आपले.

खरं तर आपले नाहीत, समुद्राचे. इंग्लंडात कालव्यातून लांबट बोटी घेऊन फिरणारे लोक शहर आलं की काठाला बोट बांधतात आणि निवांत उतरतात. कालव्याला भरती-ओहोटी नसते ना! अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं, तर ओहोटीच लागते.

यासाठी कोकणात जुनं गणित आहे. मला तर ते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा भारी वाटतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी? चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता. साधारण सहा तासांनी ओहोटी. दोन्ही पक्षांना हेच सूत्र, कोड एका ओळीचा! वेळ अंदाजेच येते, थोडीफार इकडेतिकडे.

आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी सगळ्यात लांब हटतं. पण भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाला. तेव्हा तुम्हाला मांडव्याला परतीची बोट गाठायची असते! अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला, पण तो भांग. पाणी फारसं हटत नाही, घोडागाडी करावी लागू शकते. माझं मत विचाराल तर दशमी ते द्वादशी. ओहोटी दीड ते तीनच्या दरम्यान, पाणीही बऱ्यापैकी मागे गेलेलं.

किल्ला बांधायला १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी सुरुवात केली, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, जोर तिथेच मोडतो. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर! एवढं बघण्यात तास कसा जातो कळत नाही, आणि धोका तिथेच आहे. पाणी वळलं की वाट बघता बघता बुडते. ओहोटीच्या वेळेच्या आधी तासभर आत जा, नंतर अर्ध्या तासात बाहेर या. घोडागाडीवाले काका "आता निघा" म्हणाले, तर सेल्फी राहू दे.

वेळ उरलाच तर गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. चुंबकीय वेधशाळाही इथेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमाप बिघडेल, म्हणून ती १९०४ मध्ये कुलाब्याहून अलिबागला आणली.

आणि हो, पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. शेवटच्या बोटीची वेळ सकाळी मांडव्याला उतरतानाच खिडकीवर विचारून घ्या. अलिबागहून मांडव्याला पाऊण तास धरा, रविवारी त्याहून जास्त.