स्वतंत्रपूर काय सांगते?



स्वतःच्या कष्टावर जगणारी छोटी वसाहत टिकते का? याचे उत्तर आपल्याच सातारा-सांगलीत आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्य दिले, गावपंचायतींच्या हाती कारभार आला. त्याच काळात पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. शिक्षा भोगणारे कैदी तिथे बायकामुलांसह राहू लागले. तुरुंगाच्या भिंती नाहीत. जमीन कसायची आणि त्यावरच घर चालवायचे. गदिमांनी लिहिलेल्या, शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, पंचायतींचे ते राज्य संपले. स्वतंत्रपूर मात्र टिकले, कारण सरकारच्या तुरुंग खात्याने ते सांभाळले. मला दिसतो तो धडा असा : आत घाम आणि विश्वास हवा, तसा बाहेरून कुणाचा तरी आधारही हवा. स्वावलंबन म्हणजे एकटे पडणे नव्हे.

आपल्या दुष्काळी गावांतली पोरे पुण्या-मुंबईला जातात, आपणही गेलोच. जी गावात राहून एकत्र शेती करू पाहतात, त्यांच्या पाठीशी आपण उभे राहिलो, तर हा मेळावा सार्थकी लागेल.