देवळाचा परिसर आणि पक्षिनिरीक्षण
(श्रींच्या वर्धापनदिनी महाजनांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून देवस्थानाचा इतिहास, संतांची शिकवण अथवा समाजाची एकजूट यांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. समितीने मला मात्र निवृत्तीच्या काळातील पक्षिनिरीक्षण या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. विषय करमणुकीचा वाटेल. परंतु त्याचा आपल्या देवस्थानाच्या कारभाराशी जवळचा संबंध आहे, असे माझे नम्र मत आहे.

नोकरीत असेपर्यंत माणूस घड्याळाचा ताबेदार असतो. निवृत्त झाल्यावर सकाळ त्याची स्वतःची होते, आणि पुष्कळांना ती मोकळी सकाळ खायला उठते. वर्तमानपत्र एकदा वाचून होते, दुसऱ्यांदा वाचून होते, तरी नऊ वाजलेले नसतात. अशा माणसाला पक्षिनिरीक्षणासारखा दुसरा उद्योग नाही. त्याला ताकद लागत नाही, फारसा पैसा लागत नाही. लागते ती पहाटे उठण्याची सवय, एका जागी स्वस्थ बसण्याचा धीर आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त. या तिन्ही गोष्टी आपल्या पिढीपाशी भरपूर आहेत.

त्यातही आपण उष्ण प्रदेशातले रहिवासी, ही मोठी सोय आहे. थंड देशांत हिवाळा आला की राने मुकी होतात. आपल्याकडे वर्षाचा एकही महिना रिकामा जात नाही. आश्विन सरता सरता करडा परीट उत्तरेच्या डोंगरांतून येऊन तळीच्या पायऱ्यांवर शेपटी हालवीत फिरू लागतो. पौष-माघात सावर आणि पांगारा फुलले की मैना, हळद्या, कोतवाल व शिंजीर यांची त्यांवर झुंबड उडते. चैत्र-वैशाखाच्या भर दुपारी तांबट पक्ष्याची टुकटुक चालू असते, आणि पहाटे दयाळ गातो. मृगाच्या सुमारास कुळागराच्या ओलसर सावलीत नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. आषाढ-श्रावणात भातशेतांच्या कडेला सुगरण आपले घरटे विणू लागते. आपल्या सणांचे पंचांग जसे भिंतीवर असते, तसे हे पाखरांचे पंचांग दारापुढे उघडलेले आहे.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. परंतु एवढ्याशा भूमीत पक्ष्यांच्या साडेचारशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. याचे कारण असे की सह्याद्रीचे रान, कुळागरे, खाजने, खारफुटी आणि समुद्रकिनारा हे सारे येथे एका दिवसाच्या प्रवासात मावते. करमळीचे तळे रेल्वेस्थानकाला लागूनच आहे. हिवाळ्यात तेथे अडई बदकांचे थवे आणि कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी बसल्या जागी दिसतात. रायबंदरहून फेरीने पलीकडे गेले की चोडण बेटावर खारफुटीतले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली स्थापन झाले. कुडचडे येथील ४२ हेक्टरांच्या नंदा तळ्याला २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. असा मान मिळविणारी ती गोव्यातील पहिली जागा. फोंडे तालुक्यातील बोंडला अभयारण्य केवळ ८ चौरस किलोमीटरांचे आहे; तरी तांबड्या कंठाचा बुलबुल, जो गोव्याचा राज्यपक्षी आहे, तो तेथे पाहता येतो.

परंतु या सर्व ठिकाणी वारंवार जाणे निवृत्त माणसाला जमतेच असे नाही, आणि त्याची गरजही नाही. पक्षी पाहण्यास उत्तम जागा म्हणजे आपले देऊळ. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी आणि बारदेशातील देव नदीपार आणावे लागले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी त्यांच्यासाठी अंत्रुजातील डोंगरांच्या कुशीतल्या, झाडांनी झाकलेल्या, झऱ्याच्या पाण्याच्या जागा निवडल्या. देवाला आसरा मिळाला त्याच जागी पाखरांनाही आसरा मिळाला. देवाची म्हणून वडाला, पिंपळाला कोणी कुऱ्हाड लावली नाही. देवाची म्हणून तळी कोणी बुजवली नाही. मंदिराच्या आवारात पक्षी दिसतात, हा योगायोग नव्हे. चारशे वर्षांच्या महाजनकीचे ते फळ आहे.

आता साधनांविषयी थोडेसे. आठ पटींनी मोठे दाखविणारी, चाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आपल्या वयाला पुरे. त्याहून जड दुर्बीण घेतल्यास हात थरथरतो आणि चित्र हालते. छायाचित्रे काढावयाची असतील तर लांबचे जवळ आणणारा लहान कॅमेराही चालतो. सूर्य आपल्या पाठीशी असावा, आणि सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ साधावी. त्यानंतर ऊन डोक्यावर येते आणि पांढऱ्या बगळ्याचे पीस न् पीस पुसून जाते. कुळागरात उलट अडचण असते. तेथे प्रकाश इतका मंद की कॅमेरा हाती न धरता तिकाटण्यावर ठेवावा लागतो. आपल्या हवेतील मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि महागाचे भिंग कायमचे आंधळे होते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावा, आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

छायाचित्राच्या हौसेला मर्यादाही हवी. घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नये. माणसाच्या वावराने आई-बाप बिथरतात, आणि आपण दाखविलेल्या वाटेने कावळाही पोचतो. ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला फसवून जवळ बोलावणे हेही योग्य नव्हे; प्रतिस्पर्धी आला अशा समजुतीने तो बिचारा आपली सारी शक्ती व्यर्थ खर्च करतो. छायाचित्राचा खरा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरता नाही. ते पुराव्याचे कागदपत्र आहे. ब्राह्मणी घारीचे तपकिरी पिल्लू आणि साधी घार यांत नवशिका हटकून घोटाळतो. परंतु छायाचित्रात शेपटी गोल दिसली तर ती ब्राह्मणी, खाच पडलेली दिसली तर साधी, असा निवाडा घरी बसून शांतपणे करता येतो.

वयपरत्वे आणखी एक गोष्ट घडते, ती सांगितलेली बरी. कान उतरू लागतात ते बारीक, उंच स्वरांपासून. शिंजिराचा, फुलटोच्याचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो, आणि झाड रिकामे आहे असे आपण समजतो. यावर उपाय एकच: नातवाला किंवा नातीला सोबत न्यावे. कान त्यांचे, ओळख आजोबांची, अशी ही भागीदारी दोघांनाही मानवते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले आणि सामान्य माणसाला हे शास्त्र खुले झाले. मराठीत वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ हिंडून लोकांच्या तोंडची पक्ष्यांची नावे जमविली आणि पक्षिकोश सिद्ध केला. २०२५ साली ते निवर्तले. ही थोर माणसे झाली. परंतु २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो मोठा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याचा पाया कोणी घातला? सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी पाठविलेल्या ३ कोटी नोंदींनी. त्यांत तुमच्या-आमच्यासारखे शिक्षक, कारकून, गृहिणी, विद्यार्थी आहेत. दीर्घकाळाचा कल ज्यांच्या बाबतीत ठरविता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती, म्हणजे शेकडा ६०, घटलेल्या आढळल्या. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन देशाच्या पुष्कळ भागांत शुभ मानतात, तो नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. हे कोणा एका पंडिताला दिसले नसते. हजारो लोकांनी तारीख, वेळ, जागा आणि संख्या लिहून ठेवली, म्हणून ते कळले.

नोंद ठेवणे ही गोष्ट आपणांस नवी नाही. १९३३ सालच्या देवस्थान नियमावलीप्रमाणे आपण महाजनांची नोंदवही ठेवतो, श्रींच्या अलंकारांची यादी ठेवतो, पै-पैचा जमाखर्च ठेवतो. मात्र देवाच्या झाडांवर आणि तळीवर राहणाऱ्या पाखरांची एका ओळीचीही नोंद आपल्या दप्तरात नाही. ज्याची नोंद नाही ते हरवले तरी दप्तरात तूट दिसत नाही.

हे आज बोलण्याचे कारण आपण सारे जाणता. देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचे काम समितीने हाती घेतले आहे. तळीच्या तीन बाजूंना पूर्वापार जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्या आहेत; चौथी बाजू, कुळागराकडची, मातीच्या दरडीची आहे. ती सिमेंटने बांधून काढावी आणि पिंपळाची वाळलेली फांदी तोडावी, असे प्रस्तावात आहे. समितीचा हेतू चांगला आहे. दरड पावसात ढासळते, मुले तिकडे धावतात, ही काळजी खरी आहे. परंतु निर्णयापूर्वी महाजनांनी पुढील गोष्टीही जाणून घ्याव्यात.

त्या दरडीत खंड्या पक्ष्याचे घर आहे. खंड्या झाडावर घरटे बांधीत नाही. उभ्या मातीत चोचीने हात-दीड हात लांब बोगदा कोरतो आणि त्याच्या टोकाशी पांढरी अंडी घालतो. चिऱ्यात वा सिमेंटमध्ये त्याला हे करता येत नाही. दुसरे, पिंपळाची ती वाळलेली फांदी. तांबट आणि कुटुर्गा मऊ, वाळलेल्या लाकडातच ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत पुढे दयाळ किंवा दुसरे एखादे पाखरू संसार थाटते. आपल्या दृष्टीने जे मेलेले लाकूड, ते या बिऱ्हाडकरूंच्या दृष्टीने चाळ आहे. तिसरे, शिखराच्या खोबणीतील गव्हाणी घुबड. त्याला अशुभ म्हणून हाकलण्याची भाषा कधी कधी कानी येते. ते लक्ष्मीचे वाहन मानले गेले आहे, आणि रात्रभर उंदीर मारून कोठाराची राखण करते, हे तरी विसरू नये.

पाखरांची बाजू मांडताना देवळाची बाजू मी डोळ्यांआड करीत नाही. शिखराच्या भेगेत पिंपळाचे रोप उगवते ते पाखरांच्याच विष्ठेतील बीजातून, आणि ते कोवळे असतानाच उपटले पाहिजे, नाही तर मुळे दगड फोडतात. फांदीखालून पालखीचा मार्ग जात असता तर ती तोडा, असे मी स्वतः म्हटले असते. ती फांदी तळीवर झुकलेली आहे; खाली कोणी उभे राहत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, मातीच्या दरडीचा मधला दहा-बारा हातांचा भाग तसाच ठेवावा, दोन्ही टोके चिऱ्यांनी बांधावीत आणि वरून मुलांच्या रक्षणार्थ कठडा घालावा. असे केल्यास खर्चही कमीच येईल. दुसरी, तळीचे जे काम करावयाचे ते दिवाळीनंतर आरंभून माघापर्यंत संपवावे; फाल्गुनापासून पावसाळा सरेपर्यंतचा काळ खंड्याच्या विणीचा असतो. तिसरी, देवस्थानाच्या कचेरीत एक साधी वही ठेवावी. दररोज सकाळी जो कोणी निवृत्त महाजन दर्शनास येईल त्याने अर्धा तास तळीकाठी बसावे आणि तारीख, वेळ, दिसलेले पक्षी व त्यांची संख्या तीत लिहावी. काहीच दिसले नाही तर 'काही नाही' असेही लिहावे. पक्षी न आल्याची नोंद आल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे. नाव पाठोपाठ येईल. ज्या नातवंडांना मोबाईल चालविता येतो त्यांनी या नोंदी ई-बर्ड या जागतिक नोंदवहीतही पाठवाव्यात.

पहिला आठवडा बसण्याची जबाबदारी मी घेतो. पुढील आठवड्यांसाठी नावे द्यावयाची असतील त्यांनी महाप्रसादानंतर चिटणिसांकडे द्यावीत. चौथ्या काठाचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येईल, तेव्हा ही वही सभेच्या टेबलावर असावी, एवढीच इच्छा आहे. मग आपण जो निर्णय घ्याल तो, काय आहे आणि काय जाणार आहे हे जाणून घेतलेला असेल.